दुधाने पोळलेले तोंड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आळेफाट्याच्या किंवा ओतूरच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशी सकाळी उभे राहिलात, तर एक प्रश्न कानावर हमखास येतो. आज आवक किती, दहा किलोला काय भाव निघाला, हे विचारून झाले की कोणीतरी हळूच म्हणतो, "वरून काही आलं नाही ना?" हे 'वरून' म्हणजे आभाळातून नव्हे. दिल्लीहून. शेतकरी पावसाला जितका भितो, तितकाच आता रात्री निघणाऱ्या सरकारी अधिसूचनेला भिऊ लागला आहे. आज मला आपल्याशी या भीतीविषयी बोलायचे आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गरवा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. त्या वेळी सगळ्यांचाच माल बाजारात येतो, भाव पडतो. म्हणून ज्याला थोडे थांबणे परवडते, तो कांदा बराखीत भरतो. चार-पाच महिने राखायचा. त्यात वजन घटते, काही माल सडतो, काहीला कोंब येतात. तरी माणूस थांबतो, कारण सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, एखादे लग्न, सारे त्या बराखीवर उभे असते. पाऊस कसा होईल, दुसऱ्या राज्यात पीक किती आहे, सड किती निघेल, या सगळ्यांचा तो अंदाज बांधतो. तो चुकतोही, पण बांधता तरी येतो. सरकार काय करील, याचा मात्र अंदाज बांधता येत नाही.

२०२३ सालचेच पाहा. त्या फेब्रुवारीत कांद्याचा भाव इतका कोसळला, की काढणीचा खर्चही निघेना. राज्य सरकारने मार्चमध्ये क्विंटलला आधी तीनशे आणि मग साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केले, तेही दोनशे क्विंटलच्या मर्यादेत. उन्हाळा गेला, बराखीतल्या कांद्याला जरा बरे दिवस येऊ लागले, आणि १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला आठशे डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरवले. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने तर निर्यातच बंद झाली. तोवर शेतात खरिपाचा नवा कांदा तयार झालेला होता. पुढच्या काही आठवड्यांत प्रमुख बाजारांतले भाव जवळपास निम्म्यावर आले. आमच्या शेजारचे एक गृहस्थ त्या दिवसांत म्हणाले, "भाव पडला तेव्हा सरकार चौकशीला महिन्याने आलं. भाव चढला तेव्हा एका रात्रीत आलं."

एरवी आपण म्हणतो, सरकारी काम आणि सहा महिने थांब. मग हीच यंत्रणा काही वेळा इतकी चपळ कशी होते? आणि ती चपळ झाली की माणसे आनंदायच्या ऐवजी धास्तावतात का?

याचे एक सोपे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात मिळते. बाजार आपले आपण सावरतो, सरकारने त्यात हात घालू नये, असे मानणारा एक मोठा विचार जगात आहे. पण जुन्नर-आंबेगावचा शेतकरी त्या विचाराने बोलत नाही. त्याच्या शेतातले पाणीच मुळी सरकारी आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे सरकारने बांधली नसती, तर नारायणगावचा टोमॅटो, इथला ऊस आणि द्राक्षे कुठून आली असती? त्यासाठी लोकांनी किंमतही मोजली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचे आहे. तेव्हा सरकार नको असे इथे कोणी म्हणत नाही. वीज हवी, आवर्तन हवे, पीककर्ज हवे, रस्ता हवा. भीती आहे ती पैशाच्या अडचणीच्या वेळी घाईने केलेल्या हस्तक्षेपाची. आणि ती अनुभवातून आली आहे.

हा अनुभव किती जुना आहे, हे पाहण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. दख्खनमध्येही रेल्वेची कामे चालू होती, मजुरी चांगली मिळत होती, सावकार सैल हाताने कर्ज देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि फुगा फुटला. मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. नेमक्या त्याच सुमारास सरकारने पुणे जिल्ह्यात जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू केली. तेजीच्या दिवसांतले भाव पाहून सारा वाढवला गेला आणि भरायची वेळ आली ती मंदीत. सावकारांनी हात आखडले, जुन्या कर्जांचे दावे लावले. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे लुटली, कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे जुन्नरलाही लागू झाला. कायदा वाईट नव्हता. कर्जाच्या मूळ हिशेबात जाऊन व्याज तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, हप्ते बांधून देता येऊ लागले, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. पण सावकारही हुशार. गहाणखतावर कोर्ट प्रश्न विचारते ना, मग ते गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. तोंडी वचन असे, की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र जमीन विकलेली. ज्याला वाचवण्यासाठी कायदा झाला, त्याच्याच हातून अशा रीतीने जमीन सुटण्याची एक नवी वाट तयार झाली. १८८० च्या दशकात जुन्नर भागात सत्यशोधक विचारांच्या कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला, त्यामागे कायद्यापेक्षा आपल्या एकीवर अधिक भिस्त होती.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सरकारचा हेतू चांगला असला तरी उपाय लोकांपर्यंत पोहोचताना कोणाच्या तरी हातातून जातो. तो हात कोणाचा आहे, यावर निकाल ठरतो. म्हणूनच पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, गावोगाव सोसायट्या निघाल्या, १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली, तेव्हा लोकांनी हळूहळू तिथे विश्वास ठेवला. सोसायटीचा सचिव ओळखीचा, संचालक गावातला, चुकले तर वार्षिक सभेत उभे राहून जाब विचारता येतो. विश्वास ओळखीतून आणि जाब विचारण्याच्या सोयीतून वाढतो.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २००८ या सालाला जगाच्या आर्थिक इतिहासात मोठे स्थान आहे. १५ सप्टेंबरला अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि साऱ्या जगाच्या पतव्यवस्थेला हादरा बसला. अमेरिकी सरकारने बँकांना सावरण्यासाठी सत्तर हजार कोटी डॉलरची योजना आणली. ती तिथल्या लोकांना इतकी खुपली, की २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने ती चक्क फेटाळली. बाजार कोसळल्यावर चार दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, दुरुस्त्यांसह मंजूर केली. पुढे बँकांमध्ये घातलेले पैसे सरकारला नफ्यासह परत मिळाले. हिशेबाच्या वहीत योजना फसली असे म्हणता येत नाही. तरीही अमेरिकी माणसाच्या मनातला राग गेला नाही. कारण त्याने पाहिले, की चूक करणाऱ्या बँका वाचल्या आणि हप्ते थकलेल्या लाखो कुटुंबांची घरे गेली. उपाय चालला की नाही, एवढेच लोक पाहत नाहीत. भार कोणावर पडला, हेही ते पाहतात.

त्याच वर्षी आपल्याकडेही मोठा हस्तक्षेप झाला होता. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी साठ हजार कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याने तीन हिस्से भरले तर चौथा माफ. बुडत्या घरांना या योजनेने खरोखर आधार दिला, हे नाकारून चालणार नाही. पण विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे तीन हेक्टर असले तरी तो आपल्याकडच्या एका बागायती एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, ही साधी गोष्ट दोन हेक्टरच्या रेषेला दिसली नाही. पुढे २०१३ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी नमुन्यादाखल ९०,५७६ खाती तपासली, तेव्हा त्यांतल्या २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत त्रुटी आढळल्या. पात्र माणसे वगळलेली आणि अपात्रांना लाभ, असे दोन्ही प्रकार त्यांत होते.

आपल्या भागात मात्र दुखणे वेगळेच होते. इथे सोसायटी वेळेवर भरण्याची रीत आहे. मार्च अखेर आली की हातउसने घेऊन, प्रसंगी दागिना गहाण ठेवून कर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलायचे. याला आपण 'नवं-जुनं' करणे म्हणतो. असे करणारा माणूस सरकारी कागदावर थकबाकीदार नसतो. त्याच्यावरचा बोजा तसाच असतो, पण तो माफीच्या यादीत येत नाही. २००८ ला तेच झाले. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी आणि २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंत माफी, हाही लाभ मुख्यतः थकबाकीदारांसाठीच होता. नियमित भरणाऱ्यांसाठी पन्नास हजारांचे प्रोत्साहन जाहीर झाले, पण त्याचे पैसे प्रत्यक्ष मिळू लागले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात किती जणांनी मनाशी म्हटले असेल, की आपण भरून चूक केली? दागिना गहाण ठेवून शब्द पाळणाऱ्याला मूर्ख ठरवणारा उपाय गावाच्या पतीला आतून कीड लावतो. मग पुढच्या मार्चमध्ये लोक कर्ज भरण्याआधी वर्तमानपत्र बघतात. माफी येणार आहे का?

तिसरा प्रसंग रोकडीचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. शेतीचा नोव्हेंबर म्हणजे रोख पैशाचा महिना. कांद्याची रोपे लावायची, मजुरी द्यायची, खत आणायचे. बाजारात व्यापाऱ्याकडे रोकड नाही, तो धनादेश देतो आणि धनादेश वटायला बँकेच्या रांगेत दिवस जातात. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई केली. सहकारी बँकांतून काळा पैसा पांढरा होईल, असा संशय त्यामागे होता, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. पण ज्या गावात दुसरी बँकच नाही, तिथल्या खातेदाराला हे कसे समजावणार? त्याने आयुष्यभर ज्या खिडकीवर विश्वास ठेवला, तीच त्याच्यासाठी बंद झाली. दुसऱ्या बँकेत खाते नाही, तिथली रांग तालुक्याच्या गावापर्यंत.

पुढची गोष्ट तर फारच बोलकी आहे. पुण्यासह राज्यातल्या आठ जिल्हा बँकांच्या तिजोरीत नोटाबंदीच्या आधीच जमा झालेल्या सुमारे ११२ कोटी रुपयांच्या जुन्या नोटा बदलून मिळाल्या नाहीत. २०१८ मध्ये ती रक्कम तोटा म्हणून दाखवा, असे बँकांना सांगण्यात आले आणि त्यांना न्यायालयात जावे लागले. म्हणजे ८ नोव्हेंबरला दिवसभर पूर्ण कायदेशीर असलेला पैसा बँकेच्या तिजोरीत असूनही बुडाला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातून कळले, की बाद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के नोटा परत आल्या. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने नोटाबंदीची प्रक्रिया वैध ठरवली. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. पण ज्याची लागवड पंधरा दिवस लांबली, त्याला भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न कुठल्याच न्यायालयापुढे नव्हता.

आता पुन्हा कांद्याकडे येऊ. इथली मुळे शेजारच्या चाकणमध्ये आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा उत्पादकांना संघटित केले आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. शेतमालाचे भाव आपोआप पडत नाहीत, ते धोरणाने पाडले जातात, असे त्यांचे सांगणे होते. सरकार प्रश्न सोडवणारे नसून सरकार हाच प्रश्न आहे, इथपर्यंत ते जात. त्यांची सगळी मते सर्वांना पटली नाहीत. पण बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या दुखण्याचे नाव त्यांनी सांगितले, म्हणून ते पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या गावांत आजही लोकांना आठवतात.

त्यांच्या म्हणण्याला पुढच्या घटनांनी बळच दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी झाली, शिवाय किरकोळ व्यापाऱ्याने शंभर आणि घाऊक व्यापाऱ्याने पाचशे क्विंटलहून अधिक कांदा ठेवायचा नाही, अशी साठामर्यादा आली. ५ जून २०२० रोजी अत्यावश्यक वस्तू कायद्यात बदल करणारा वटहुकूम निघाला आणि आता कांद्यावर साठ्याचे बंधन केवळ असाधारण भाववाढीतच येईल, असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला वाटले, सुटलो. १४ सप्टेंबरला निर्यात बंद झाली. २३ ऑक्टोबरला साठामर्यादाही परत आली. कायद्याच्या भाषेत निर्यात हा एक विषय आणि साठा हा दुसरा. बराखीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला मात्र हे एकच सरकार दिसते. ते कांदा चाळ बांधायला अनुदान देते, आणि त्या चाळीत कांदा राखणाऱ्याला भाव आला की दार लावते.

२०२३ च्या डिसेंबरमधल्या बंदीनंतर त्या महिन्याच्या अखेरीस शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. तेव्हा लोकसभा निवडणूक चालू होती आणि ज्या शिरूर मतदारसंघात जुन्नर-आंबेगाव येतात, तिथले मतदान नऊ दिवसांवर होते. निर्णय योग्य असेलही, पण त्या वेळी त्याच्या हेतूवर विश्वास ठेवायला कोण तयार होणार? १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्कही काढले गेले. तरी बाजारातला "वरून काही आलं नाही ना?" हा प्रश्न गेला नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

या साऱ्यात सरकारची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. शहरातल्या झोपडीत राहणाऱ्या मोलकरणीला ऐंशी रुपये किलोचा कांदा परवडत नाही, आणि तिचे दुःख शेतकऱ्याच्या दुःखापेक्षा कमी नाही. सरकारने भाव चढत असताना काहीच करू नये, असे म्हणणे सोपे आहे, निभावणे अवघड. शिवाय प्रत्येक पडझडीला सरकार जबाबदार नसते. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावला टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. सरकारने दिल्लीत स्वस्त टोमॅटो विकला, नेपाळहून आयात केली. सप्टेंबरमध्ये भाव मातीमोल झाले, तेव्हा पुष्कळांनी त्या आयातीला बोल लावला. वस्तुतः चढा भाव पाहून ठिकठिकाणी झालेली भरमसाट लागवड हे त्याचे मोठे कारण होते. अविश्वास एकदा घर करून बसला, की बाजाराची चूकही सरकारच्या खात्यावर मांडली जाते. सरकारने खरेच चांगले काही केले तरी त्याचे श्रेय मिळत नाही.

हा अविश्वास फुकट नसतो, त्याची किंमत सगळे मोजतात. बंदीच्या भीतीने शेतकरी कांदा राखण्याऐवजी लवकर विकतो, मग उन्हाळ्यात भाव आणखी पडतो आणि दिवाळीच्या सुमारास बाजारात माल कमी राहून शहरात महागाई होते. म्हणजे ज्या महागाईला आवरण्यासाठी बंदी घातली, तीच पुढच्या वर्षी वाढण्याची सोय होते. परदेशचा गिऱ्हाईक वारंवार तुटला, की तो दुसऱ्या देशाकडे वळतो. माफीच्या आशेने कर्जे थकतात, सोसायटीची वसुली बसते आणि नव्या शेतकऱ्याला कर्ज मिळेनासे होते. विश्वास हेही एक भांडवल आहे. ते उभे करायला तीन पिढ्या लागतात आणि मोडायला एक रात्र पुरते.

मग करायचे काय? उपाय फार अवघड नाहीत. पहिला असा, की नियम आधी सांगावा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार गळीत हंगामाआधी जाहीर करते. तो पुरेसा आहे की नाही, यावर भांडण होते, व्हावेही. पण रात्रीत काय होईल, याची धास्ती त्यात नसते. कांद्याच्या बाबतीतही लागवडीपूर्वी सांगता येईल, की भाव अमुक पातळीच्या वर गेला तर इतके शुल्क लागेल, आणि अमुक पातळीच्या खाली आला तर सरकार इतका कांदा या दराने घेईल. दोन्ही बाजूंचा आकडा एकाच कागदावर हवा.

दुसरा उपाय, दिलेला शब्द हंगाम संपेपर्यंत पाळावा. आणि अगदीच अपरिहार्य म्हणून मोडावा लागला, तर ज्याचे त्यात नुकसान झाले, त्याला भरपाई द्यावी. शहराच्या पोटासाठी शेतकऱ्याने सोसायचे असेल, तर तो खर्च सगळ्या देशाने वाटून घ्यायला हवा. तो एकट्या बराखवाल्यावर टाकू नये. तिसरा, मदत देताना शब्द पाळणाऱ्याला आधी पाहावे. थकबाकीदाराला सावरताना नियमित भरणाऱ्याला त्याच दिवशी त्याचा वाटा मिळाला, तर गावात कोणी कोणाकडे तिरक्या नजरेने पाहणार नाही. आणि चौथा, उपाय ज्या हातातून जाणार, त्या हातांना आधी विचारावे. सोसायटीचा सचिव, बाजार समितीतला हमाल-आडत्या, बँकेच्या शाखेतला रोखपाल यांना जे दिसते, ते दिल्लीला किंवा मुंबईला दिसेलच असे नाही.

आपण शेतकरी आणि ग्राहक म्हणून एक गोष्ट करू शकतो. प्रत्येक निर्णयाला केवळ 'आपल्याविरुद्ध' किंवा 'आपल्या बाजूचा' अशा नजरेने न पाहता तीन प्रश्न विचारावेत. हे आधी सांगितले होते का? याचा भार कोणावर पडणार? आणि चुकले तर भरून कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या सरकारवर लोक विश्वास ठेवतात, मग पक्ष कोणताही असो. कुकडीच्या पाटाला पाणी कधी सुटणार, याचे वेळापत्रक लागले की लोक त्यावर आपले पीक ठरवतात. कधी उशीर होतो, कधी पाळी चुकते, वाद होतात. पण पाटाचे पाणी रात्रीतून उलटे वाहू लागेल, असे कोणालाच वाटत नाही. सरकारच्या पैशाबद्दलच्या आणि बाजाराबद्दलच्या शब्दाला एवढी किंमत जरी आली, तरी पुष्कळ झाले.

बाजारात सकाळी येणारा माणूस फार मोठे काही मागत नाही. त्याने जो अंदाज घाम गाळून बांधला, तो पावसाने चुकवला तर तो नशिबाला बोल लावील आणि पुन्हा नांगर धरील. तो सरकारने चुकवला, तर बोल कोणाला लावायचा, एवढेच त्याला कळत नाही.